दात गेले, पाय राहिला

आष्ट्याहून आमच्या गावाकडं यायला त्या काळी दिवसातून दोनच एसट्या होत्या. एसटी चुकली की माणसं चरफडत पायी निघायची. रंगूबाई मात्र एसटी समोर उभी असली तरी पायीच यायची. डोक्यावर बाजाराची पाटी, काष्टा वर खोचलेला, आणि चालणं असं की मागून येणाऱ्या गड्याला पळावं लागे. आमचं घर तिच्या घराला लागून. मी तिला काकी म्हणत असे. पुढं जे घडलं त्यातलं काही मी डोळ्यांनी पाहिलं, बाकीचं तिच्या सुनेनं, अंबूवहिनींनी, सांगितलं.

काकीचा नवरा पलटणीत होता. दुसऱ्या महायुद्धात इटलीत गेला तो तिकडंच राहिला. तेव्हा पोरगा जोतिबा रांगत होता. भावकीनं जमीन वाट्यानं मागितली, काकीनं दिली नाही. स्वतः नांगर धरला, ऊस लावला, पाण्याची पाळी रात्रीची आली तर रात्री रानात गेली. पाणी सरीत वळवायला दारं धरताना दोन्ही हात खोऱ्याला लागतात, म्हणून ती कंदिलाची कडी दातात धरायची. एवढा भरलेला कंदील दातात, आणि तशीच सरीमागून सरी पाणी फिरवायची. ओल्या सोलाची, जाड दोराची, गाठ गड्यांना सुटली नाही की ते काकीला हाक मारत. ती गाठ तोंडात धरून मान एकदा हिसडायची, की गाठ मोकळी. उसाचं कांडं तर ती बोलता बोलता सोलायची. गावात पोरांना सांगत, दात असावेत तर रंगूकाकीसारखे.

ते दात पन्नाशीनंतर हलायला लागले. आमच्याकडच्या सगळ्या बायकांसारखी तीही मिश्री लावायची. हिरडी ठणकली की मिश्री, मिश्रीनं हिरडी बधिर, की झालं बरं. एकदा भाकरीच्या घासात कडक काहीतरी लागलं. खडा समजून तिनं बोटानं काढलं, तर दाढ. किडलेली नाही, फुटलेली नाही, अख्खी दाढ. तिनं ती उलटसुलट करून बघितली आणि परसात फेकून दिली. नंतर आणखी गेल्या, पुढचे वरचे दात गेले. कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. वय झालं की केस पिकतात, दात पडतात, त्यात वैद्याला काय विचारायचं?

पण घरात अंबूवहिनींच्या ध्यानात एक गोष्ट आली होती. आधी काकी भाकरीच्या कडा ताटात ठेवायला लागली. मग भाकरी चहात कुस्करून खायला लागली. मग नुसत्या पातळ कण्या आणि गूळ. शेंगा बंद, हरभरा बंद, मेथी-पोकळ्याची भाजी बंद. मटण झालं तर रस्सा प्यायची, फोडी नातवंडांच्या ताटात टाकायची. विचारलं तर म्हणायची, "जात न्हाई आता. पोरास्नी खाऊ दे." बोलताना तोंडातून वारा जाई, शब्द बोबडे येत. त्यामुळं ती बायकांत बसेनाशी झाली. पाण्याच्या पाळीवरून भर चावडीत पाटलाशी भांडणारी बाई भिंतीला टेकून गप्प बसू लागली.

तेवढ्यात बहात्तरचा दुष्काळ आला. सगळं गाव वाळलं. काकीही वाळली, पण त्यात कुणाला काय वेगळं दिसणार? दुष्काळ सरला, पुढच्या वर्षी पाऊस झाला, माणसं पुन्हा भरली. काकी भरली नाही. तिला सारखी तहान लागे, सारखं उठावं लागे. बांधावर दोनदा बसल्याशिवाय रान चढवेना. आणि आम्ही सगळे म्हणत राहिलो, काकी म्हातारी झाली.

चौऱ्याहत्तर सालच्या माघात, तोडणी झालेल्या रानातून जाताना उसाचा बुडखा तिच्या उजव्या पायात घुसला. करंगळीच्या मुळाशी. असले बुडखे तिला जन्मभर लागले होते. माती दाबायची आणि पुढं चालायचं, चार दिवसांत खपली. या वेळी खपली धरलीच नाही. झाडपाल्याचा लेप झाला. आष्ट्याच्या बाजारातल्या वैदूनं काळं मलम दिलं आणि आठवड्यात नाचवतो म्हणाला. पलीकडच्या गावचा एक देवऋषी येऊन बसला, भावकीतल्या कुणीतरी केलंय म्हणाला, लिंबू कापून गेला आणि अमावास्येपर्यंत बरं करायची हमी देऊन गेला. अमावास्या झाली. करंगळी काळी पडली, पाऊल सुजून तकतकीत झालं.

बापासारखाच पलटणीत गेलेला जोतिबा तेव्हा रजेवर आला. उंबऱ्यातच त्याला वास आला. त्यानं लढाईत जखमा पाहिल्या होत्या. ट्रंक खाली ठेवली नाही तोच तो म्हणाला, "आये, उठ. सांगलीला जायचं."

"आरं, आत्ता तर आलायस. पानी तरी पी."

"पानी सांगलीत पितो."

बैलगाडीनं आष्ट्यापर्यंत आणि पुढं एसटीनं. आयर्विन पुलावर गाडी आली तेव्हा काकी खिडकीतून खाली कृष्णेकडं बघत होती. अंबूवहिनी सांगतात, ती एवढंच म्हणाली, "मी परत चालत यीन का गं?"

सांगलीतल्या एका खाजगी दवाखान्यात तिला दाखल केलं. तिथले मोठे डॉक्टर शांत आणि स्पष्ट बोलणारे होते. त्यांनी पाऊल दाबून पाहिलं, लघवी तपासायला सांगितली आणि जोतिबाला बाहेर बोलावलं. "आईंना मधुमेह आहे, आणि बराच जुना असावा. करंगळी तर काढावीच लागेल. विष वर चढलं तर गुडघ्याखाली पाय काढण्यावाचून इलाज नाही. आधी साखर खाली येते का बघू."

त्या काळी साखर बघायची रीत साधी होती. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर चांगलं. हिरवं, पिवळं, नारिंगी होत गेलं तर तेवढी साखर जास्त. काकीच्या नळीचा रंग विटेसारखा लाल झाला. इंजेक्शनं सुरू झाली. करंगळी काढली. इंजेक्शनाची मात्रा वाढवली, पुन्हा वाढवली. नळी लालच. जखमेच्या कडा फिक्या, निर्जीव, जणू त्या अंगाच्या नव्हत्याच. डॉक्टर रोज पट्टी सोडून बघत आणि पुन्हा बांधायला सांगत.

एके सकाळी त्यांचं लक्ष कॉटखालच्या ताटाकडं गेलं. दवाखान्यातून मधुमेहाचं जेवण येई. पोळी, मोड आलेली मटकी, पालेभाजी, काकडी. सगळं जसंच्या तसं होतं.

"हे खाल्लं का नाही?"

"चावत न्हाई तिला," अंबूवहिनी म्हणाल्या. "मी चहात बिस्कुट बुडवून देती."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. त्यांच्याच इमारतीत मागच्या बाजूला दातांचा दवाखाना होता. डॉ. सुहासिनी लेले. मुंबईला शिकून आलेल्या, तिशीतल्या. सांगलीत बाई दात काढते हेच लोकांना नवल होतं. डॉक्टरांनी त्यांना निरोप पाठवला, की पेशंटला काही चावता येईल अशी सोय होते का बघा.

सुहासिनीबाई आल्या, कॉटवर बसल्या, काकीची हनुवटी हातात धरली. "मावशी, आ करा." खालचे पुढचे दात आणि वर दोनतीन दाढा उरल्या होत्या. बाईंनी बोटानं हिरडी दाबली. दाताच्या मुळाशी पिवळा पू वर आला. दुसरीकडं दाबली, तिथंही. ज्या ज्या दाताला हात लावला, तो तो चिखलात रोवलेल्या मेखेसारखा हलला. दात निघून गेलेल्या जागीसुद्धा एके ठिकाणी तुटकं मूळ आत राहून सडलं होतं.

बाईंनी हात धुऊन पुसले. मग म्हणाल्या, "मावशी, हे सगळे काढायचे."

काकी उठून बसली. "पाय दुखतोय माजा. दात कशाला काढता?"

"या दातांमुळं पाय भरत नसेल, असं मला वाटतंय."

"आन वरचं दात काढल्यावर डोळं जात्यात त्ये? आमच्या मनुबाईचं गेलं की. दात उपटला आन वर्षात दिसायचं बंद झालं."

"त्यांना मोतीबिंदू झाला असेल. दातांचा डोळ्यांशी तसा संबंध नाही मावशी."

काकी इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. "आवं डाक्टरीनबाई, डोळा तोंडाच्या शेजारी, त्येचा संबंद न्हाई. आन पाय कुटं खाली ऱ्हायला, त्येचा हाय व्हय?"

वॉर्डातली सगळी माणसं हसली. सुहासिनीबाईही हसल्या. मग स्टूल ओढून जवळ बसल्या आणि हळू आवाजात समजावू लागल्या. हिरडीत रक्त असतं, दाबलं की येतं, ते तुम्ही रोज बघता. तेच रक्त छातीत जातं, तेच पायात जातं. सगळ्या अंगात रक्त एकच. तोंडात इतके पू झालेले खड्डे, म्हणजे तळहाताएवढी जखम वर्षानुवर्षं उघडी. अंग रात्रंदिवस तिच्याशी झगडतंय. अंगात असा पू असला की साखर हटत नाही, औषध लागू पडत नाही. आणि साखर हटली नाही की पायाची जखम भरत नाही, हिरड्याही आणखी सडतात. एक दुसऱ्याला खाऊ घालतं.

काकी ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हंजी पाटाच्या तोंडाला मेलेलं जनावर पडलंय, आन आमी खालच्या सरीला औषद मारतोय."

"हो, तसंच."

"दात काडल्यावर पाय वाचंल?"

सुहासिनीबाई म्हणाल्या, "मी शिकत होते तेव्हा आमच्या सरांनी असं सांगितलं होतं. पुस्तकातही वाचलंय. पण मी स्वतः पाहिलेलं नाही. मला खात्री नाही मावशी. पण दात तसेही राहणार नाहीत, म्हणून काढून बघावं असं वाटतं."

जोतिबाचा चेहरा उतरला. त्याला कुणीतरी छातीठोक सांगावं असं वाटत होतं. काकी मात्र बाईंच्या तोंडाकडं टक लावून बघत राहिली आणि म्हणाली, "काडा."

मोठ्या डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते जरा विचारात पडले. पूर्ण पटलं नव्हतं, पण त्यांनी हट्ट केला नाही. "ताप चढत नाही तोवर पाय काढायचं मी थांबवतो," म्हणाले. पेनिसिलिन सुरू केलं. दात एकदम काढले नाहीत, दोनदोन तीनतीन करून काढले. मधुमेहाच्या माणसाचं रक्त आणि जखम, बाई फार जपून करत होत्या. पहिली दाढ निघाली तेव्हा काकीनं ती मागून घेतली. तळहातावर ठेवून बघितली. वर दिसणारा भाग एवढासा, आणि खाली मूळ त्याच्या दुप्पट, त्याला काळपट खडे चिकटलेले. "आत एवढं हुतं व्हय," ती म्हणाली. ज्या बाईनं आयुष्यभर मुळं खणली, तिला स्वतःच्या तोंडातल्या मुळाचा पत्ता नव्हता.

सगळे दात निघाल्यावर काही दिवस काहीच झालं नाही. तोंड सुजलेलं, पेज नि मुगाचं पाणी चमच्यानं प्यायची. जोतिबाची रजा संपत आली होती. तो बाहेरच्या बाकावर बसून राही.

मग एका सकाळी नर्सनं नळी उकळली आणि अंबूवहिनींना हाक मारली. नळीचा रंग नारिंगी होता. "चुकलं असेल," नर्स म्हणाली आणि पुन्हा उकळली. नारिंगीच. इंजेक्शनाची मात्रा तीच होती, वाढवलेली नव्हती. पुढं पिवळा झाला. काकीला हे कळल्यावर ती म्हणाली, मला दाखवा. मग रोज सकाळी तिची कॉट खिडकीशी सरकवत आणि नर्स तिच्यासमोर दिवा पेटवी. निळं पाणी उकळायला लागलं की काकी श्वास धरून बसायची. शेजारच्या कॉटवरच्या बायकाही माना वर करून बघायच्या. एक दिवस पाणी हिरवं होऊन थांबलं. कोवळ्या उसाच्या पात्यासारखं हिरवं. काकीनं नळीकडं बघून हात जोडले. नर्सला वाटलं आपल्याला जोडले, ती लाजली.

आणि पाय. पट्टी सोडली तर त्या फिक्या कडांच्या आतून लाल दाणे वर आले होते. डॉक्टर वाकले, चष्मा काढला, पुन्हा घातला. बोटानं हलकेच दाबलं तर ताजं रक्त आलं. काकी कळवळली. डॉक्टर म्हणाले, "दुखलं? वा! दुखलं पाहिजे." त्यांनी स्वतः जाऊन सुहासिनीबाईंना बोलावून आणलं. दोघं कॉटच्या पायथ्याशी उभी राहिली. बाईंनी पायाकडं बघितलं, मग काकीच्या बोळक्या तोंडाकडं, मग पुन्हा पायाकडं. अंबूवहिनी सांगतात, त्यांचे डोळे भरले होते. त्या म्हणाल्या, "सरांनी सांगितलं होतं खरं. पण असं असतं, हे मला आज कळलं."

इंजेक्शनाची मात्रा कमी झाली. पुढं गोळ्यांवर भागलं. चैत्र सरता सरता जखम मिटली आणि काकी काठी टेकत गावात आली. करंगळी गेली होती, पाय होता.

हिरड्या पुरत्या भरल्यावर कवळी बसवली. मेणात ठसे घेतले, दातांचा रंग विचारला. काकी म्हणाली, "लय पांढरं नगं, लोक नवरी म्हनतील." पहिल्या दिवशी ती घरात आली तेव्हा धाकटा नातू रडत पळाला. तिलाही ते सोसेना. "घोड्याच्या तोंडात लगाम घातल्यावानी वाटतंय," म्हणायची. लाळ गळे, हिरडीला घट्टे पडत. दोनदा सांगलीला जाऊन कवळी घासून आणली. बोलायचा सराव करायला ती उसात जायची. बांधावरून जाताना आम्हाला आतून आवाज यायचा, काकी एकटीच नातेवाइकांची नावं घेतेय, सोमवार-मंगळवार म्हणतेय. पोरं हसायची. ती हसू द्यायची.

त्या श्रावणात अंबूवहिनींनी तव्यावरची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी तिच्यापुढं ठेवली. काकीनं भाकरीचा पापुद्रा नाही, कडेचा तुकडा मोडला. तोंडात घातला, दोन्ही बाजूंनी सारखा चावायचा, बाईंनी शिकवलं तसं. आणि एकदम थांबली.

"काय झालं आत्याबाई? दुखतंय?"

"आवाज आला गं," काकी म्हणाली. "चावल्याचा आवाज. किती वर्सं झाली, इसरलेच हुते."

मग मटकी, भाजी, शेंगा, जे जे सुटलं होतं ते एकेक परत आलं. गूळ तेवढा तिनं सोडला, ऊस पिकवत असूनही. अंग भरत गेलं. पण आम्हा शेजाऱ्यांना चकित केलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. ती पुन्हा बोलायला लागली. कुणाचा हिस्सा कुठपर्यंत, कुठल्या साली कुणाची पाळी चुकली, हे तिला सगळं आठवत होतं. आम्ही समजत होतो तिचं डोकं मंदावलं. ती चावडीत गेली आणि पाटलाशी भांडून आली. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की म्हातारपण म्हणून आम्ही जे तिच्या अंगावर टाकलं होतं, त्यातलं निम्मं म्हातारपण नव्हतंच. अंग कसं एकात एक गुंतलेलं असतं, कुठला दोरा ढिला झाला की कुठं उसवतं, याचा आपल्याला थांगही नसतो, आणि त्या अंगात आपण जन्मभर राहतो.

काकी मग गावभर म्हाताऱ्यांची तोंडं उघडून बघत सुटली. पाणवठ्यावर, लग्नात, कुठंही. "आ कर बगू." काही चिडत. दगडाबाईनं तर मिश्रीची डबी तिच्या अंगावर फेकली. मनुबाईला ती हाताला धरून सांगलीला घेऊन गेली, तिथं डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू काढला आणि मनुबाईला पुन्हा माणसं दिसू लागली. तेव्हापासून दात काढायला बायका भिईनाशा झाल्या. सगळ्यांच्या कहाण्या अशा गोड झाल्या नाहीत. काही जणी दवाखान्यात उशिरा पोचल्या, काही गेल्याच नाहीत.

सत्याहत्तरच्या हिवाळ्यात सुहासिनीबाई स्वतः गावात आल्या. शाळेच्या वर्गात खुर्ची मांडली, खिडकीतून ऊन आत घेतलं. बाहेर म्हातारी माणसं रांगेत, काही पटके बांधून, देवदर्शनाला आल्यासारखी. काकी बाईंना चहा घेऊन आली. बाईंनी विचारलं, "मावशी, तेव्हा एक विचारायचं राहिलं. मी खात्री नाही म्हणाले, तरी तुम्ही लगेच हो कसं म्हणालात? मीच घाबरले होते."

"म्या बी भ्यालेवते की," काकी म्हणाली. "पर वैदूनं खात्री दिली, देवऋष्यानं दिली. खात्री देनारं लय भेटलं हुतं. ठावं न्हाई म्हननारं मानूस पयल्यांदाच भेटलं. म्हनलं, ह्या बाईच्या हातात तोंड द्यावं."

तेवढ्यात रांगेतून तात्याबा आत आले, ऐंशीच्या घरातले, काठी भिंतीला लावली आणि खुर्चीत बसून आपण होऊन तोंड उघडलं. काकी खिडकीकडं गेली, खिडकीची फळी ऊन अडवत होती ती बाजूला सारली आणि ऊन नीट त्यांच्या तोंडात पडेल असं करून दिलं.